संध्याकाळची गोळी

१

"रोगी 'घेतो' म्हणाला, की लगेच 'घेतो' असं लिहून मोकळी होऊ नकोस. घेताना बघ. आणि घेताना बघितलंस, तरी काय घेतलं ते बघ."

बाईंना काम शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण त्यांचा तो घोगरा आवाज कानात अजून तसाच होता. त्या सकाळी दवाखान्यातल्या अरुंद खोलीत तो असा अवचित उमटला, की बाईंनी नकळत दाराकडे पाहिलं.

बाई तिथे समुपदेशक होत्या. एचआयव्हीच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. घेणाऱ्याला धीर द्यायचा आणि त्याचं गुपित पोटात ठेवायचं, हे त्यांचं काम. पोटात म्हणजे अगदी पोटात. सांजेला दिवा लावायचा त्यांचा नेम होता, पण देवापुढेसुद्धा त्या कोणा रोग्याचं नाव घेत नसत. "त्याला सांभाळ" एवढंच म्हणत. कोण तो, हे देवाला वेगळं सांगावं लागत नाही.

समोर बेकरीवाल्या भावांपैकी धाकटा बसला होता, आणि शेजारी त्याची बायको. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट बातमी सांगायची असली की ते तसं करत.

"विषाणू पुन्हा वाढलाय. थोडाथोडका नाही, मोकाट सुटलाय. गोळ्या कधी सोडल्यास?"

"सोडल्या नाहीत, साहेब."

"खोटं बोलू नकोस. मी रागावणार नाही."

"आईशप्पथ, साहेब! वर्षानुवर्षं घेतोय, आता कशाला सोडीन? हिला विचारा."

"माझ्यासमोर घेतात," धाकटी हळूच म्हणाली. "रोज. संध्याकाळी बेकरी आवरली, की कोठीत जाऊन." बोलताना तिचा हात पोटाकडे गेला आणि तिथेच राहिला.

खोलीतल्या चौघांनाही त्या हाताचा अर्थ माहीत होता. धाकट्याला एचआयव्ही, पण गोळ्यांनी तो पार दबलेला. धाकटी अजून त्यापासून मोकळी. मूल हवं तर होऊ शकतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण मध्येच मधुमेह आला. साखरेने वाळवीसारखं आतून पोखरलं, वीर्याचा रिपोर्ट वाईट आला. मग धाकट्याने जडीबुटीच्या गोळ्या सुरू केल्या. साखर उतरली, रिपोर्ट सुधारला, आणि आता धाकटीला दिवस गेले होते. नेमका आताच विषाणू उसळला होता.

"हिला काही झालं तर?" धाकट्याचा आवाज फुटला. "आणि बाळाला?"

"हिचं रक्त तपासतो. पहिली तपासणी चांगली आली तरी पुन्हा करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "दिवस राहिल्यापासून जपून आहात ना?"

"जवळसुद्धा जात नाही, साहेब."

"ते बरं केलंस. पण हा झाडपाला... काही वनस्पती आपलं औषध अंगातून लवकर हुसकावतात. तसं काही आहे का बघू. तुझ्या रक्तात औषध किती उरतं, ते मोजायला पाठवतो."

त्याचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टर स्वतः उठून बाईंच्या खोलीत आले.

"बाई, औषध कमी नाही सापडलं."

"मग?"

"सापडलंच नाही. मागमूससुद्धा नाही."

झाडपाल्याने औषध उणावेल, पण असं पुसून कसं जाईल? धाकटी खोटं बोलणारी नव्हती. तो रोज संध्याकाळी काहीतरी गिळत होता, एवढं नक्की.

२

जडीबुटीवाले काका आपल्या चिंचोळ्या दुकानात मुळ्या निवडत बसले होते. चारी भिंतींना छताला भिडलेले खण, आणि हवेत कडसर, धुळकट वास.

"या, या! दवाखाना माझ्या दारी? सूर्य कुठून उगवला आज?"

"काका, टोमणे नंतर मारा. बेकरीतल्या धाकट्याला तुम्ही काय देता?"

"मेथीदाणे, आणि दोन मुळ्या. मुळ्यांची नावं विचारू नका, माझ्या पोटावर पाय येतो. कुटून गोळ्या वळतो. साखर उतरते, आणि साखर उतरली की पुरुषाची तब्येत आपसूक वळणावर येते. यात जादू काही नाही."

"दिवसातून किती वेळा?"

"एकदाच. सकाळी. दुसरी घेतली तर साखर इतकी उतरेल, की भोवळ येऊन पडेल. भट्टीसमोर काम करणारा माणूस तो! चांगलं बजावलंय मी त्याला."

"मग संध्याकाळच्या डब्यात काय असतं?"

काकांचे हात थांबले. "संध्याकाळची मी देतच नाही. त्याने एक रिकामा डबा तेवढा मागून नेला होता. म्हटलं ने, डब्याचं काय एवढं?"

बाईंना एवढं ठाऊक होतं. तो डबा धाकट्याने त्यांच्याच सल्ल्याने नेला होता. घरात रोगाची गोष्ट एका धाकटीखेरीज कोणालाच माहीत नव्हती. दवाखान्याची बाटली दिसली तर प्रश्न येणार, म्हणून तो घरी आणताच गोळ्या जडीबुटीच्या डब्यात ओतायचा. "सकाळची साखरेची, संध्याकाळची बाळाची," असं घरात हसत सांगून टाकलं होतं त्याने.

"गंमत बघा," काका पुन्हा मुळ्या निवडू लागले, "संध्याकाळच्या गोळीचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत."

"आणखी कोणी विचारलं?"

"विचारलं म्हणजे? मागेच लागलं! 'तीच द्या, संध्याकाळचीच द्या.' नाही म्हटलं, तर खोटंच वाटलं त्या माणसाला. शेवटी सकाळच्याच गोळ्या भरून नेल्या. नेतं अजून, अधूनमधून."

"कोण, काका?"

काकांनी मान वर केली. डोळ्यांत थट्टा नव्हती.

"मॅडम, कोणाला काय झालंय, हे तुम्ही सांगता का कधी? मग मी तरी कोणी काय नेलं ते कसं सांगू?"

बाई उठल्या. त्या बाहेर पडल्या, पण एक गोष्ट आता काचेसारखी स्वच्छ होती. धाकट्याच्या त्या डब्यावर घरातल्या कोणाचातरी डोळा होता.

३

"साखरेच्या दवाखान्यातल्या मॅडम आल्यात," असं धाकटीने आत सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं; त्याच दवाखान्यात साखरही तपासत.

बेकरी पुढे, घर मागे, मधे एक बोळ. दारातच भाजक्या पिठाचा, लोण्याचा आणि व्हॅनिलाच्या इसेन्सचा असा दाट वास आला, की बाईंना क्षणभर ठसका लागला. घरच्यांना त्याचं काहीच नव्हतं.

आतल्या लांब टेबलाशी थोरली केकवर झिलई चढवत होती. थोरल्या भावाची बायको. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पदरी मूल नाही. तिच्या हातातली सपाट सुरी अशी अलगद फिरत होती, की पिवळ्या झिलईत दिव्याचं प्रतिबिंब दिसावं.

"काय हात आहे हो तुमचा!"

"दुसरं काय येतं मला?" थोरली मान खाली घालूनच म्हणाली. "ज्या घरात पाळणा हलत नाही, तिथल्या बाईने लोकांच्या पोरांचे वाढदिवसाचे केक करावेत."

तेवढ्यात थोरला आला. आडवातिडवा देह, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "साखरेचा रोगी आणि बेकरीचा मालक! दुधाच्या राखणीला मांजर बसवलंय, मॅडम. धाकट्याला जरा दटावा!" तो मोठ्याने हसला, पण हसताना त्याने दाराची चौकट धरली, आणि बाईंना दिसलं, की चौकट सोडली असती तर तो पडला असता. डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखी काळी वर्तुळं होती.

"तुमचीही तब्येत बरी दिसत नाही, दादा."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं, आणि बाईंना बोळात बोलावून घेतलं. तिथे त्याचा आवाज एकदम पडला.

"मॅडम, तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगतो. मला कोणीतरी मारायला बघतंय."

"असं का म्हणता?"

"झोपलो की स्वप्नं. साधीसुधी नाहीत. भट्टीचं दार आपोआप उघडतं, आणि आत फळीवर मीच असतो, पावासारखा फुगत, आणि बाहेर धाकटा उभा असतो. ओरडायला जावं तर तोंडात पीठ. सकाळी उठलो, की जमीन होडीसारखी हलते. पिऊन चढावी तसं डोकं. आणि मी थेंबाला शिवत नाही!"

"कधीपासून?"

"धाकट्याचा तो रिपोर्ट चांगला आला, त्यानंतर. आता त्याला पोर होणार. मग बेकरी कोणाची? थोरला कशाला हवाय मध्ये?" त्याने भिंतीला पाठ टेकली. "सख्खा भाऊ हो. पाठीवर घेऊन फिरवलाय त्याला."

बाईंच्या मनात कुठेतरी एक कडी खळकन वाजली. असली स्वप्नं त्यांनी ऐकली होती. कितीदा तरी, आणि ती सांगणारे सगळे त्यांच्याच खोलीतल्या खुर्चीवर बसून सांगत.

संध्याकाळी धाकट्याने त्यांना कोठीत नेलं. पिठाची पोती, तुपालोण्याचे डबे, एक बंद खिडकी. धाकटी दाराशी थांबली.

"मॅडम, आधी एक सांगू?" धाकटा पुटपुटला. "परवा भट्टीसमोर डोळ्यांपुढे अंधार आला. घाम, थरथर. ही नसती तर तोंडावर आत गेलो असतो. असं हल्ली बऱ्याचदा होतं. आणि दादा माझ्याकडे असा बघतो, असा... जणू मी जगतोय हाच गुन्हा. माझ्या खाण्यात तोच तर काही..."

"तुम्ही सकाळची गोळी दोनदा घेता का?"

"छे हो! काकांनी सक्त बजावलंय."

त्याने पोत्यामागून डबा काढला, अंधारातच सवयीने एक गोळी चिमटीत धरली आणि तोंडाकडे नेली.

"थांबा."

बाईंनी खिडकी उघडली. उजेडात गोळी पिवळी, गुळगुळीत, अगदी दवाखान्यातल्यासारखी दिसत होती. त्यांनी ती नाकाजवळ नेली. मग धाकटीकडून सुरी मागितली आणि गोळीचे दोन तुकडे केले. आतून ती हिरवट तपकिरी निघाली, आणि कडसर मेथीचा वास सुटला.

धाकटी मटकन पोत्यावर बसली.

"वरून कसला वास येतोय, सांगा," बाई म्हणाल्या.

धाकट्याने हुंगलं, पुन्हा हुंगलं. "कसलाच नाही."

"व्हॅनिलाचा येतोय, घमघमाट सुटलाय. तुमचा सगळा जन्म ह्या वासात गेला, म्हणून तुम्हाला तो येतच नाही. बाहेरच्या कोणी ही गोळी केली असती, तर तिला हा वास नसता." बाईंचा आवाज एरवीसारखाच मऊ होता. "ह्या गोळीवरची झिलई तुमच्याच बेकरीत चढवलीय."

४

"दादा!" धाकटा दाराकडे झेपावला.

"खाली बसा." बाईंनी त्याच्या दंडाला धरलं. "आधी ऐका. तुम्हाला मारायचं असतं, तर डब्यात नुसतं पीठ वळून घातलं असतं तरी चाललं असतं. ह्या माणसाने काकांची चांगली गोळी आणली, आणि एवढ्या निगुतीने तिच्यावर झिलई चढवली. मारणारा इतकी माया करत नाही. त्याला तुमचं नुकसान नको होतं. त्याला फक्त तुमची गोळी हवी होती."

"माझी गोळी? ती घेऊन कोण काय करणार?"

"सगळ्या घराला ती कशाची म्हणून सांगितलीत तुम्ही?"

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. "बाळाची."

"ती घ्यायला लागलात, आणि रिपोर्ट सुधारला. निदान घराला तरी तसंच दिसलं. इकडे तुमच्या पोटात सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी काकांचीच गोळी जाऊ लागली. साखर पडायला लागली ती त्यामुळे. आता सांगा, ही दवाखान्याची गोळी तुम्ही पहिल्यांदा घेतलीत, तेव्हा काय झालं होतं?"

"बाप रे, ती स्वप्नं! भिंती अंगावर चालून यायच्या. सकाळी चालताना तोल..." तो मध्येच थांबला. "दादाही हल्ली सकाळी असाच झोकांड्या..."

"साय, लोणी खाऊन घेतली, तर आणखीच चढते. म्हणून उपाशीपोटी घ्या असं तुम्हाला बजावलं होतं."

"म्हणजे दादाच चोर?"

"दादांना आपण काय खातोय हे ठाऊक असतं, तर 'मला कोणी मारतंय' असं ते मला कशाला सांगतील? ते घेत नाहीत. त्यांना कोणीतरी देतंय."

धाकटीच्या तोंडून शब्द आले ते उसासा टाकल्यासारखे. "संध्याकाळचं सायीचं दूध... जाऊबाई देतात."

थोरली अजून टेबलाशीच होती. बाई समोर जाऊन बसल्या आणि गोळीचे दोन तुकडे केकशेजारी ठेवले. सुरी थांबली.

"यांना सांगणार तुम्ही?" थोरलीने विचारलं.

"सांगायला नाही आले. थांबवायला आले. ती गोळी दादांना आजपासून द्यायची नाही."

"का? भावजींना लागू पडली ना? मग यांना का नाही?" आणि मग इतक्या वर्षांचं साठलेलं बांध फुटल्यासारखं बाहेर आलं. "माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, मॅडम. सुया झाल्या, नळ्या झाल्या. माझ्यात काही नाही म्हणाले. यांना म्हटलं, एकदा तुम्ही तपासून घ्या. तर ताट भिंतीवर आदळलं. 'मर्दाला तपासायला निघालीस?' त्या दिवसापासून वांझ कोण, तर मीच. भावजींकडे गोळी मागितली असती, तर यांना कळलं असतं. भावजींचं काम तर झालं होतं, त्यांना आता साध्या गोळीवरही भागलं असतं, असं वाटलं. मी काय कोणाचं वाईट चिंतलं?"

"नाही चिंतलंत. पण ती गोळी बाळाची नाही."

"मग कशाची?"

सांगितल्याशिवाय हिला आपण काय केलं ते कळणार नव्हतं, आणि सांगायचा अधिकार त्यांचा नव्हता.

"माझ्या जिवाची आहे, वहिनी."

धाकटा दारात उभा होता. पिठाने माखलेले हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. "मला एचआयव्ही आहे. ती गोळी आहे म्हणून मी आहे. ती बंद पडली, म्हणून आता हिच्या आणि बाळाच्या जिवाला घोर लागलाय."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, टेबलाला अडखळली. "मी... मी मारत होते तुम्हाला? आणि तिच्या पोटातल्याला?" तिने हात असे दूर धरले, की जणू ते तिचे नव्हेतच. "मला पोलिसांत द्या, भावजी. हे तरी कुठे सोडणार आहेत मला? रोज म्हणतात, विष घालणारा सापडला की भट्टीत घालीन."

"कोणी कोणाला कुठे देत नाही." धाकटा पुढे आला. "दादाला तुम्ही काही सांगायचं नाही. मी सांगेन. गोळी कशाची, माझ्याकडे का, डबा खोटा का होता, सगळं. खोटं आधी मी बोललो, वहिनी. तुमच्यावर आळ येऊ देणार नाही, हा माझा शब्द. फक्त हिचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. तोवर माझ्याच्याने बोलवणार नाही."

५

ते दिवस कसे गेले, ते त्या घरालाच ठाऊक. डॉक्टरांनी धाकट्याची गोळी बदलली, धाकटीलाही खबरदारीची औषधं सुरू केली. थोरल्याचं दूध साधं झालं. पण त्याचा संशय गेला नाही. तो बायकोच्या हातचं खाईनासा झाला, भावाशी बोलेनासा झाला. भट्टीची लांब सळई तो आता झोपतानाही उशाशी ठेवत होता. थोरली फोनवर बाईंना सांगायची ते एवढंच, "मॅडम, लवकर काय ते होऊ दे."

बाई सांजेला दिव्यापुढे बसत. त्या घरातल्या कोणाचं नाव घ्यावं, हे त्यांचं त्यांनाच उमगेना. मग त्या म्हणत, "त्या सगळ्यांना सांभाळ."

रिपोर्ट आला त्या दुपारी धाकटा-धाकटी बाईंच्या खोलीत बसली होती. डॉक्टर आले. चष्मा डोळ्यांवरच होता. बाईंना तेव्हाच कळलं.

"हिच्या रक्तात विषाणू नाही," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा एकदा तपासू, आणि बाळंतपण होईपर्यंत मी दोघांना सोडणार नाही. आणि तूसुद्धा, ह्यापुढे गोळी उजेडात बघून घ्यायची."

धाकटी रडली, हसली, पुन्हा रडली. धाकटा मात्र नुसता बसून राहिला. डॉक्टर गेल्यावरही त्याच्या बोटांनी खुर्चीची कड घट्ट धरलेली होती.

"सुटलो म्हणायचं ना, मॅडम?"

"ह्यातून तरी, आज. देवाची कृपा."

"हं." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "दुपारचा दादा भट्टीपाशी एकटा असतो. माणसं जेवायला गेलेली असतात."

धाकटीने डोळे पुसले. "मी येते."

"नको. तू इथे बस, मॅडमपाशी."

"मी येऊ का?" बाईंनी विचारलं. "ते सळई बाळगून असतात म्हणे."

"तुम्हाला बघितलं तर तो घाबरेल. मला एकट्याला बघून नुसता चिडेल. चिडलेला दादा मला लहानपणापासून माहीत आहे." तो उठला. "त्याचीही तपासणी करून घ्याल ना? वहिनी किती वर्षं बोल खाताहेत."

"आले तर का नाही?"

"आणतो."

त्याने बायकोच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, दार उघडलं, आणि आवाज होऊ नये म्हणून हळूच ओढून घेतलं. बाहेरच्या लांब बोळातून त्याच्या पावलांचा आवाज, घाई नसलेला, बेकरीच्या दिशेने जात राहिला.